हरकतीचा मान

रविवारी देवळात उशीर झाला तर पाप लागतं ते लागतंच, वर बातम्या हुकत्यात. मिस्सा, म्हंजी रविवारची उपासना, लॅटिनमधी असती, ती देवाला कळती. बातम्या मराठीत असत्यात, त्या आमाला कळत्यात. म्हणून बारामतीच्या मिशनात आमच्या कन्हेरीची माणसं, पार बावड्याची माणसं, कुणी बैलगाडीनं, कुणी सायकलीवर, सकाळच्या पारी हजर. मिस्सा झाली की गेणबा मास्तर पायरीवर उभा राहायचा. धरम शिकवायला मिशननं ठेवलेला मास्तर तो, पर त्याचा खरा जोर बातम्यांत. कुणाला ताप आलाय, कुणाची शेळी हरवलीया, कुणाच्या घरी बाप्तिस्मा हाय, फादर येत्या आठवड्यात कुठल्या गावाला जाणार, समदं खड्या आवाजात सांगायचा. आन शेवटी फादर सोता लग्नाची पुकार करायचे.

पुकार म्हंजी असं. अमक्याच्या पोराचं तमक्याच्या पोरीशी लगीन ठरलंय, कुणाची हरकत असंल तर सांगा. असं तीन रविवार इचारायचं आन मग लगीन लावायचं. हा कायदा रोमवरनं आलेला. पर रोमच्या माणसांना आमची तऱ्हा काय ठावं? आमच्यात लग्नात कुणीतरी रुसावंच लागतं. मामा रुसतो, आत्याचा नवरा रुसतो, मग त्याला फेटा बांधायचा, गूळ द्यायचा, पाया पडायचं, की गडी खूश. ज्या लग्नात कुणी रुसलंच न्हाय, त्या घरची माणसं महिनाभर तोंड लपवून फिरत्यात, की आपल्याला कुणी जमेत धरलंच न्हाय. बाप्तिस्मा घेतला म्हणून रुसायचं कोण सोडतंय? ही पुकार तर आयतीच सापडली. फादरनं इचारलं की पोरीच्या मामानं उठायचं, छाती काढायची आन म्हणायचं, “माझी हरकत हाय.” मग भाईर लिंबाखाली फेटा बांधायचा. पुढच्या रविवारी मामा उठून “मिटली” म्हणायचा. जुने फादर मंगळूरकडचे, त्यांच्या अंगवळणी पडलं व्हतं. मामा उठला की ते शांतपणी नाक पुसत बसायचे.

ते गेले आन फादर हुबर आले. जर्मनीचे. दारात वाकून यावं लागायचं एवढे उंच. मराठी पुस्तकातनं शिकलेले, त्यामुळं आमच्यापरास शुद्ध बोलायचे आन आमी बोललेलं त्यांना निम्मं कळायचं. माणूस सोन्यासारखा, खोटं म्हणायला जागा न्हाय. पर कायद्याला असा पक्का, की कुत्रं देवळात शिरलं तरी आधी पुस्तक उघडून बघतील, त्याला हाकलायचं की न्हाय.

आन नेमकं त्यांच्या पहिल्याच पुकारीत माझ्या बनाचं लगीन आलं.

बना माझी एकुलती एक. तिचा बाप ती रांगत व्हती तवाच गेला. लोकांच्या मळ्यात भाजी खुडून, कालव्याच्या कडंला वांगी-मिरची लावून मी तिला वाढवलं. बावड्याच्या भिमाचा पोरगा याकोब, साखर कारखान्यात बॉयलरवर लागला व्हता. दर रविवारी सायकल हाणत मिस्सेला यायचा. एवढी भक्ती कुठनं आली म्हणून मी नीट बघितलं, तर भक्ती बायांच्या बाजूला बनाकडं बघत बसलेली. पोरगं चांगलं व्हतं. बनानं तर सांगूनच टाकलं, “आई, ह्याच्याशीच करीन, न्हायतर करणार न्हाय.” बापावर गेलीया, बोलली की बोलली.

अडचण एकच. भिमाच्या घरात माणसं एकमेकांच्या अंगावर झोपायची, सुनेला जागा न्हाय. कारखान्यानं याकोबला खोली देऊ केली, पर लग्न झालेल्यालाच. महिना सरायच्या आत बायको घेऊन ये, न्हायतर खोली दुसऱ्याला, असं सायबानं बजावलं. आन महिन्याच्या शेवटी राखेचा बुधवार. त्या दिसापासनं उपासकाळ, मग ईस्टरपतुर लगीन लागत न्हाय. म्हंजी तीन पुकारी झाल्या की लगेच सोमवारी बार उडवायचा, न्हायतर खोली गेली, खोलीसंगं लगीन गेलं. भिमानं तोंडावर सांगितलं, “ठमाबाई, खोली न्हाय तर सून न्हाय. मी काय तिला दावणीला बांधू?” माझी झोप उडाली व्हती.

पहिला रविवार. फादरनी इचारलं, “या विवाहास कोणाची हरकत आहे काय?” माझा भाऊ म्हस्कू नवं धोतर नेसून आलाच व्हता. उठला, मिशीवरनं हात फिरवला आन म्हणाला, “हाय! मामाची हरकत हाय!” माणसं समाधानानं हालली. झालं, म्हणलं, लगीन सुरू झालं.

फादरचा चेहरा पांढऱ्याचा आणखी पांढरा झाला. “कोणत्या कारणास्तव?”

म्हस्कू गडबडला. कारण? आजवर कुणी कारण इचारलं नव्हतं. भुकेला कारण लागत न्हाय तसं रुसव्याला लागत न्हाय. फादरनी एक जाड पुस्तक आणलं आन एकेक कारण वाचायला घेतलं. रक्ताचं नातं, आधीचं लगीन, व्रत, खून. “यांपैकी कोणतं?” समदं देऊळ म्हस्कूकडं बघतंय. ‘कायबी न्हाय’ म्हणावं तर मामा हलका पडला. त्यानं त्यातल्या त्यात कुणाची आब्रू जाणार न्हाय ते उचललं. “नातं,” म्हणाला. “रक्ताचं.”

“पुकार चालू राहील,” फादर म्हणाले. “परंतु हरकतीचा निकाल लागेपर्यंत विवाह होणार नाही.”

भाईर आल्यावर मी म्हस्कूला जे धुतलं, ते लिंबावरच्या कावळ्यांनीबी ऐकलं आसंल. “मेल्या, भाचीच्या लग्नाच्या मुळावर उठलास व्हय रं?” तर तो मलाच म्हणतो, “आक्का, मी मामाचं काम केलं. फेटा कुठाय?”

दुपारी मी फादरच्या बंगल्यावर गेले. म्हणलं, “फादर, ती हरकत खरी न्हाय हो.”

ते घाबरले. “म्हणजे म्हस्कू देवाच्या घरात, सर्वांसमक्ष खोटं बोलला? मग त्याला पवित्र भाकर देता येणार नाही. जाहीर प्रायश्चित्त करावं लागेल. तुम्ही साक्ष द्याल काय?”

आता आली का पंचाईत! सख्ख्या भावाला लबाड म्हणावं तवा पोरीचं लगीन. “खोटं न्हाय फादर,” मी म्हणलं. “मान हाय तो.” फादरनी डोळे बारीक करून माझ्याकडं बघितलं आन म्हणाले, “मान असेल तर मी त्याचा आदर करतो. पण हरकत ती हरकतच.” मी कपाळावर हात मारला आन घरी आले.

बातमी बावड्याला याकोबच्या सायकलीवरनं गेली. तितं त्याच्या आत्याचा नवरा मोहनराव. नावातच राव, म्हणून सारखा मिरवणारा. पोरीच्या मामानं एवढी मोठी हरकत घेतली, की फादरनी पुस्तक काढलं, आन आपण पोराकडचे गप बसणार? दुसऱ्या रविवारी तो पुढच्या रांगेत. फादरनी इचारलं रं इचारलं, की हा उठला. फादरनी पुस्तक उघडलं. मोहनरावानं हात वर केला, “वाचू नका, माझं ठरलंय. खून.”

बायांनी पोरांचे कान झाकले.

“कोणाचा खून?” फादर.

“ते आत्ता न्हाय सांगणार,” मोहनराव म्हणाला आन बसला. त्याला फेटा बांधल्याबिगर एक अक्षर काढायचं नव्हतं.

आता मोहनराव उठला म्हणल्यावर बनाचा चुलता रावजी कसा बसून राहील? म्हस्कू मामा म्हणून उठतो, मग चुलता काय मेला का? तो उठला. नातं गेलं व्हतं, खून गेला व्हता, आधीचं लगीन म्हणावं तर पोरीची आब्रू. उरलं व्रत. “पोरीनं व्रत घेतलंय,” रावजी म्हणाला. फादरचा चेहरा एकदम उजळला. त्यांना वाटलं, मठातली सिस्टर व्हायचं व्रत! त्यांनी बनाला तितल्या तितं इचारलं, “मुली, तुला हाक ऐकू आली काय?” बना फणकाऱ्यानं म्हणाली, “फादर, मला फकस्त याकोबच्या सायकलीची घंटी ऐकू येती.” बाया फिदीफिदी हसल्या. मला हसू यीना. एक रविवार उरला व्हता.

त्या आठवड्यात बारामतीत मला कुणी सुखानं चालू दिलं न्हाय. पेठेत लियाकतभाईंचं फेट्यांचं दुकान, ते मला लांबूनच हाक मारायचे, “ठमाबाई, अजून कुणी रुसलं का? तांबडा संपला, केशरी मागवू?” मुसलमान माणूस, पर आमच्या मिशनातल्या हरकती त्याला मास्तराआधी कळायच्या.

फादर तरी काय गप बसले व्हते? त्यांनी पुण्याला बिशपला कळवलं, की मुलगा-मुलगी नात्यात आहेत, सूट द्यावी. बिशपच्या कचेरीतनं उलट टपाली उत्तर आलं. गेणबा मास्तरनं लिंबाखाली माणसं गोळा करून सांगितलं, “नातं कितव्या पिढीत हाय ते कळवा, लगेच सूट देऊ. नातं नसंल तर सूट द्यायचा सवालच येत न्हाय.”

“मग झालं की,” मी म्हणलं. “नातं न्हायच.”

“तसं न्हाय ठमाबाई,” मास्तर म्हणाला. “नातं न्हाय हे म्हस्कूच्या हरकतीपुढं सिद्ध व्हईना. आन नातं हाय म्हणून सूट मागावी, तर नातं सापडंना.”

मग काय इचारता! बावड्याची माणसं गाडी जुंपून कन्हेरीला आली आन दोन्हीकडचे म्हातारे मिळून नातं हुडकायला बसले. आजवर लगीन जमवताना नातं नसावं म्हणून बघत व्हते, आता नातं असावं म्हणून जिवाचा आटापिटा. कुणी म्हणायचं, तुमची पणजी अकलूजची का? न्हाय, इंदापूरची. मग तुमचा पणजोबा इंदापुरात कवा तरी ऱ्हायला असंल? एकदा बाजाराला गेला व्हता म्हणं. म्हस्कू सगळ्यात पुढं, घामानं भिजलेला, कारण आता ह्याच्या एका शब्दापायी लगीन अडलंय हे त्याला कळून चुकलं व्हतं. संध्याकाळपतुर एकच दुवा सापडला. बावड्याच्या भिमाच्या बापानं एक म्हैस कन्हेरीला इकली व्हती आन तिचं पारडू आमच्या दारात वाढलं व्हतं. म्हस्कू पळत फादरकडं गेला. फादरनी मन लावून ऐकलं, पुस्तक चाळलं आन म्हणाले, “म्हशीच्या बाजूनं नातं धरता येत नाही.”

त्या रातीला बना नवं लुगडं घडी करून पेटीत परत ठेवत व्हती. मी म्हणलं, “अगं, अजून रविवार हाय.” ती म्हणाली, “आई, रविवारचीच तर धास्ती हाय.”

शेवटचा रविवार उजाडला. देऊळ भरून भाईर माणसं. तीन गडी पुढच्या रांगेत, तिघांच्या डोसक्यावर लियाकतभाईंच्या दुकानातले फेटे, कारण मी शनवारी तिघांच्याबी पाया पडून आले व्हते. भावाच्या पाया पडताना त्याच्या पायाला चिमटाबी काढला. पर फेटा बांधला म्हणून फादरपुढं ‘मिटली’ म्हणून भागणार नव्हतं. फादरना कारणाचा निकाल पाहिजे व्हता.

फादर पुढं आले. चेहरा ओढलेला, बिचाऱ्यांनीबी झोप घेतलेली दिसत नव्हती. म्हणाले, “कायद्यात एक वाट आहे. हरकत घेणाऱ्यानं शुभवर्तमानावर हात ठेवून शपथेवर खरं सांगावं. ते मी मान्य करीन.” आन शुभवर्तमान पुढं धरलं.

म्हस्कूनं त्यावर हात ठेवला. “म्हस्कू, या दोघांत नातं आहे काय?”

म्हस्कूनं माझ्याकडं बघितलं, बनाकडं बघितलं. मी मनातल्या मनात पवित्र मारियेला हाका मारत व्हते. “हाय फादर,” तो म्हणाला. देऊळ उसासलं. “म्हंजी, व्हणार हाय. तुमी लगीन लावलं की नवरा-बायकोचं नातं व्हईल. मी जरा आधी बोललो.”

फादरनी मान हलवली. “हे खरं आहे,” म्हणाले. “मान्य.”

मोहनरावानं हात ठेवला. खून? “व्हय,” तो म्हणाला, “याकोबच्या सायकलीखाली माझी कोंबडी मेली. अंड्यावरची व्हती.” फादरनी इचारलं, “ती कोंबडी याकोबची पत्नी नव्हती ना?” खरंच इचारलं, हसू न्हाय का काय न्हाय, कारण पुस्तकातला खून म्हंजी आधीच्या नवऱ्याचा न्हायतर बायकोचा, म्हणून तसं इचारायचं असतं. मोहनराव म्हणाला, “न्हाय.” मान्य. रावजीनं सांगितलं, की पोरीनं व्रत घेतलंय ते याकोबशीच लगीन करायचं. तेबी मान्य. माणसं एकमेकांच्या पाठीवर थापा मारायला लागली. याकोब तिकडं रडत व्हता का हसत व्हता, कळंना. माझ्या डोक्यावरनं जातं उतरल्यागत झालं.

फादरनी हात वर करून गप केलं. “आता अखेरचं विचारतो. या विवाहास आणखी कोणाची हरकत आहे काय?”

आन मी उभी राहिले.

का उभी राहिले, मला इचारू नका. पाय मुंगला म्हणावं तर मुंगला नव्हता. मीच म्हणून रानात राबून हिला एवढी केली, मीच म्हणून तिघांच्या पाया पडले, आन मीच उभी. बायांच्या बाजूनं आजवर कुणी उठलंच नव्हतं. म्हस्कू दबक्या आवाजात म्हणाला, “आक्का, खाली बस की! अगं, मिटलंय समदं!” बनानं माझा पदर ओढला. भिमा तिकडं डोक्याला हात लावून बसला.

फादर माझ्याकडं आले. बायांच्या घोळक्यात, एवढे उंच, वाकून. “ठमाबाई, तुमची हरकत आहे?”

मला ‘न्हाय’ म्हणायचं व्हतं. देवाशपथ, न्हायच म्हणायचं व्हतं. तोंडातनं आलं, “हाय.”

“कारण?”

“पोर जातीया माझी.”

एवढं बोलले आन मला आवरलंच न्हाय. म्हणलं, “फादर, सकाळी उठल्यावर मी हाक कुणाला मारू? भाकरी थापली तर दुसरी कुणासाठी थापू? ही भांडायची माझ्याशी, मी हिला शिव्या द्यायचे, आता घरात शिवी द्यायलाबी कुणी न्हाय. लगीन व्हावं म्हणून मी तीन आठवडे जिवाचं रान केलंय. याकोब चांगला हाय. खोली चांगली हाय. लगीन आजच्या आज व्हावं असं वाटतंय मला. पर हरकत हाय. माझी हरकत हाय.”

बना माझ्या खांद्यात तोंड खुपसून हमसायला लागली.

दुसरा कुणी असता तर ‘बरं बरं, बसा’ म्हणाला असता. फादर हुबर तसले नव्हते. त्यांनी कायद्याचं जाड पुस्तक उघडलं. माझ्या पुढ्यात उभं राहून पान उलटलं, बोटानं एकेक ओळ खाली खाली सरकवत वाचलं. मग दुसरं पान. समदं देऊळ त्या बोटाकडं बघत व्हतं. तीन फेटेवाले माना उंच करून बघत व्हते. याकोब, ज्याची खोली जाणार व्हती, तोबी उठून उभा राहिला आन तोबी बघत व्हता, आन त्याच्या तोंडावरनं मला वाटलं, की पुस्तकात ते निघावं असं त्यालाबी वाटत व्हतं.

फादरनी पुस्तक मिटलं. “नाही,” म्हणाले. “आईसाठी यात काहीच लिहिलेलं नाही, ठमाबाई.”

“फादर, मागच्या बाजूनं बघा,” म्हस्कू तिकडनं म्हणाला. “कवाकवा मागं असतं.”

फादरनी खरंच पुस्तक उलटं धरलं आन मागनं चाळायला घेतलं. शेवटच्या पानापासनं. मला त्यांची दया आली. म्हणलं, “असू द्या फादर. नसंल तर नसू द्या. उद्या लगीन लावा.”

ते म्हणाले, “मग हरकत मिटली असं लिहू?”

“न्हाय,” मी म्हणलं. “मिटली लिहू नका. हाय लिहा, आन लगीन लावा.”